जावईबापू लॉग शोधतात

सासऱ्यांच्या घरातला कॉम्प्युटर कुरकुर करू लागला आणि दुर्दैव असं, की नेमके त्याच दिवशी जावईबापू घरात होते. बिघाड म्हणाल तर अगदी किरकोळ. स्क्रीन मधूनच क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा जागेवर यायची. धाकटी मुलगी सकाळपासून त्याच स्क्रीनवर नकाशे काढत बसली होती. एका वाचनालयाच्या फर्निचरचं काम तिला मिळायच्या बेतात होतं, स्वतःच्या नावावरचं पहिलंच. नकाशे संध्याकाळच्या आत पोचले नाहीत तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडणार होतं. त्यामुळे चिडत, पुटपुटत का होईना, ती काम रेटत होती. आई आणि थोरली बहीण बाहेर गेल्या होत्या. थोरलीचा नवरा मात्र सुट्टी टाकून सासुरवाडीच्या सोफ्यावर पसरला होता, आणि त्याला करायला काहीच नव्हतं.

"ऊठ जरा," जावईबापू म्हणाले. "बघतो मी."

"राहू दे भावोजी, चालतंय तसं. मला आज पाठवायचेत हे."

"चालतंय म्हणजे काय? दुखणं असं अंगावर काढायचं नसतं. ऊठ."

ती उठली. त्या घरात जावयाला नाही म्हणायची सोयच नव्हती. सासरे तर जावयाचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान डोलवायचे. विचार मागाहून करायचे, तोही केला तर.

जावईबापू डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. त्या विभागात दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे प्रमुख होणं त्यांना फारसं जड गेलं नसावं. सासऱ्यांच्या मशीनवर एक फुकटातली सिस्टिम त्यांनीच घालून दिली होती. कुठलाही साधा माणूस अशा वेळी आधी मागच्या वायरी चाचपतो. पण वायरी चाचपणं हे इलेक्ट्रिशियनचं काम, असं जावईबापूंचं ठाम मत होतं, आणि मतांच्या बाबतीत ते श्रीमंत होते.

"लॉग बघावा लागेल," ते म्हणाले.

"लॉग म्हणजे काय हो?" सासऱ्यांनी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"असं बघा बाबा. स्क्रीनवर जे जे दिसतं ते काढणारा आत एक प्रोग्राम असतो. डिस्प्ले सर्व्हर. तो काय करतो, कुठे अडखळतो, ते सगळं लिहून ठेवलं जातं. त्याला लॉग म्हणायचं. लॉग वाचला की रोग कळला."

"बरोबर आहे," सासरे म्हणाले.

बोलायला सोपं होतं, पण लॉग काही सापडेना. पूर्वी तो एका ठरलेल्या फोल्डरमध्ये असायचा. जावईबापूंनी तो फोल्डर उघडला, रिकामा. मग लपवलेले फोल्डर उघडले. तिथे दुनियेभरचा कचरा होता, लॉग नव्हता. "कोणीतरी डिलीट केलाय," असं म्हणत त्यांनी धाकटीकडे बघितलं. मग मोबाइलवर बरंच शोधल्यावर त्यांना कळलं, की नव्या सिस्टिममध्ये डिस्प्ले सर्व्हर आपलं वेगळं बाड ठेवतच नाही. प्रिंटर, नेट, घड्याळ, सगळ्यांच्या नोंदी एकाच मोठ्या लॉगमध्ये जातात आणि एक कमांड दिली की हव्या त्या वाचता येतात. ज्या माणसाला याच कामाचा पगार मिळतो, त्याला हे आज कळलं याची कोणालाही लाज वाटली असती.

"मला माहीतच होतं," जावईबापू म्हणाले. "खात्री करून घेत होतो."

"भावोजी, मी बसू का तोपर्यंत?"

"आता तर खरी सुरुवात आहे. निरोगी मशीनचा लॉग शेजारी ठेवायचा आणि ताडून बघायचं. याला म्हणतात शास्त्रशुद्ध."

निरोगी मशीन म्हणून त्यांनी निवडलं रुग्णालयातलं. तिथल्या हॉलमध्ये पुढचा पेशंट कोण ते दाखवणारी एक मोठी स्क्रीन भिंतीवर उभी टांगलेली होती, आणि ती चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये घरबसल्या शिरायची मुभा जावईबापूंना होती. ते शिरले. आता समोर दोन खिडक्या होत्या. एक घरच्या मशीनची, एक रुग्णालयाच्या. दोन्ही काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं, दोन्हींत ओळींमागून ओळी धावणाऱ्या. कोणती कुठली हे जावईबापू लवकरच विसरले. पुढचं सगळं ते रुग्णालयाच्या मशीनवर करत राहिले, आणि आपण सासऱ्यांच्या मशीनवर उपचार करतोय असं समजत राहिले.

निरोगी मशीनच्या लॉगमध्येही चार तक्रारी असतातच, जशा धडधाकट माणसाच्या तोंडी असतात. जावईबापूंनी पहिलीच तक्रार पकडली. "मॉनिटरची माहिती वाचता आली नाही," त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "सापडला चोर." त्यांनी स्क्रीनचा आकार हातानं ठरवून दिला. घरची स्क्रीन होती तशीच राहिली.

"आता बरं वाटतंय ना, बाबा?"

"खूपच," सासरे म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयाच्या रिसेप्शनवरची बाई होती. "सर, हॉलच्या स्क्रीनवरची अक्षरं एकदम प्रचंड झालीत. अर्धंच नाव मावतंय. एक आजोबा म्हणाले, चष्म्याशिवाय वाचता आलं, औषध लागू पडलं. तपासायच्या आधीच घरी गेले ते."

"तुम्ही लोकांनी काहीतरी दाबलं असणार. मी सुट्टीवर आहे, जरा महत्त्वाच्या कामात आहे." फोन ठेवून जावईबापू म्हणाले, "एकेक अडाणी भरलेत. कॉम्प्युटरला हात कसा लावायचा ते कळत नाही." सासऱ्यांनी हळहळून मान डोलवली. धाकटी दारात उभी राहून नखं खात होती.

जावईबापूंना मग एक जुनी सेटिंगची फाइल दिसली. लॉगमध्ये तिच्याबद्दल काहीच नव्हतं, पण तिचं नाव त्यांना संशयास्पद वाटलं, म्हणून त्यांनी ती उडवली. उभ्या टांगलेल्या स्क्रीनवर उभं चित्र काढ, एवढंच त्या फाइलमध्ये लिहिलं होतं. पुन्हा फोन आला.

"सर, आता सगळं आडवं झालंय. पेशंट माना वाकड्या करून वाचताहेत. ज्यांच्या डोळ्यांत औषध घातलंय ते तर घाबरलेच. आत जाऊन सांगतात, आडवं दिसायला लागलंय. डॉक्टर मॅडम परत सगळ्यांच्या तपासण्या करताहेत."

"हे बघा, माझ्यावर ओरडून उपयोग नाही. लॉग बघा. लॉगमध्ये कोणी कुठली कमांड दिली ते नावानिशी असतं. लिहून घ्या." आणि जावईबापूंनी तिला ती कमांड एकेक अक्षर करून सांगितली, स्पेस कुठे द्यायची त्यासकट, मूल पहिल्यांदा शाळेत आलंय अशा सुरात. धाकटी ऐकत होती.

"भावोजी, दुपार टळली. मी आहे तशा स्क्रीनवर करते ना."

"आता शेवटचा घाव. डिस्प्ले सर्व्हर पूर्ण बंद करून नव्यानं उठवायचा. स्क्रीन काळी होईल, घाबरू नकोस."

त्यांनी कमांड दिली. स्क्रीन काळी झाली नाही. उघडा नकाशा होता तिथेच होता. जावईबापू जरा गोंधळले, पण गोंधळ त्यांच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकत नसे. "इतक्या झटक्यात उठला की डोळ्याला कळलंच नाही," ते म्हणाले.

रुग्णालयात मात्र डिस्प्ले सर्व्हर बंद झाला तो झालाच. आधीच्या उपचारांनी त्याच्यात उठायचं त्राण राहिलं नव्हतं. या वेळी फोनवर मागे गलका ऐकू येत होता. हॉलमधली स्क्रीन पूर्ण काळी पडली होती, आणि डोळ्यांत औषध घातलेल्या एका बाईंनी आपली दृष्टी गेली असं समजून हंबरडा फोडला होता. तो ऐकून बाकीच्यांनीही आपापली दृष्टी तपासायला सुरुवात केली होती. जावईबापू फोनवर ओरडत, हातवारे करत गॅलरीत गेले.

खुर्ची रिकामी झाली. धाकटी धावत जाऊन बसली. दोन खिडक्यांपैकी आपल्या घरची कोणती, हे तिनं वरचं नाव वाचून ओळखलं. नाव वाचायला लागतात ते दोन डोळे तिच्याकडे होते. नुकतीच पाठ झालेली कमांड तिनं टाइप केली. घरचा लॉग समोर आला. मॉनिटरची केबल निघाली. केबल लागली. केबल निघाली. केबल लागली. सकाळपासून दुसरं काहीच नव्हतं. ती टेबलाखाली वाकली. कॉम्प्युटरच्या मागे लावलेली मॉनिटरची पिन एका बाजूनं सुटून लोंबत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिनं पिन दाबली, दोन्ही स्क्रू पिळले आणि वर येऊन कामाला लागली. स्क्रीन पुन्हा हलली नाही. भावोजींचा तिला इतका राग आला होता, की हातात माउस नसता तर तिनं काहीतरी फेकलं असतं.

गॅलरीतून जावईबापू परतले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. रिसेप्शनवरच्या बाईच्या हातून फोन आता रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी घेतला होता.

"तुम्ही सांगितलेली कमांड मी रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून स्वतः दिली," मॅडम म्हणत होत्या. "आकार बदलला, फाइल काढली, सर्व्हर बंद केला. तिन्ही ठिकाणी एकच नाव आहे. तुमचं."

"शक्यच नाही, मॅडम. कोणीतरी माझा पासवर्ड चोरलाय. मी सकाळपासून सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर काम करतोय. जे काय केलं ते इथल्या मशीनवर केलं. विचारा ना तुम्ही. स्पीकर लावतो. बाबा, सांगा मॅडमना."

"नमस्कार," मॅडमचा आवाज खोलीभर झाला. "तुमच्या जावयांनी आज तुमच्या कॉम्प्युटरवर काय काय केलं?"

सासऱ्यांनी मान डोलवली, मग फोनवर मान दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते धाकटीकडे वळून कुजबुजले, "काय गं केलं?"

"आपल्या लॉगमध्ये त्यांचं नाव कुठेच नाही, बाबा," ती नकाशावरची नजर न काढता म्हणाली. "केबल निघाली, केबल लागली, एवढंच आहे."

सासऱ्यांना त्यातलं एवढंच समजलं, की कोणीतरी बाई आपल्या जावयावर कॉम्प्युटर बिघडवल्याचा आळ घेते आहे, आणि आपल्याकडे त्याच्या निर्दोषपणाचा लेखी पुरावा आहे. लेकीच्या नवऱ्यासाठी काहीतरी करायची अशी संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. जावईबापू दोन्ही हातांनी खुणा करत होते, पण सासऱ्यांना त्या खुणा प्रोत्साहनाच्या वाटल्या.

"मॅडम, आमच्या जावयांवर उगाच संशय घेऊ नका," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "सकाळपासून मी त्यांच्या शेजारी बसलोय. त्यांनी आमच्या कॉम्प्युटरमध्ये काडीचाही बदल केलेला नाही. लॉगमध्ये त्यांचं नावसुद्धा नाही. हवं तर मी लिहून देतो."

धाकटीनं शेवटचा नकाशा जोडून मेल पाठवून दिला.

"लिहून नको, एवढं पुरे," मॅडम म्हणाल्या. "त्यांना ताबडतोब इकडे पाठवा. आणि निघताना आणखी कशालाही हात लावू नका म्हणावं."