अण्णांचा राहिलेला डोळा

आमच्या केशवापुरातले भीमूअण्णा दाजीबानपेठेच्या कापडबाजारातून निघाले की बायका पदर सावरतात. कारण अण्णा डोळा मारतात. आधी डावा, मग उजवा, पुन्हा डावा. भाजीवाली, पोलीस, म्हैस, कसलाही भेदभाव नाही. "अहो, मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय," मी समजावतो, "नवा आणि जुना ताडून बघतात." कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्यावर तसाही बसत नाही.

रंगाचं वेड जुनंच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कापड घेणं म्हणजे, अण्णांच्या मते, फोटो बघून सोयरीक जमवणं. "उन्हात बघा की हो!" असं ओरडत ते कापडाचं अख्खं ठाण घेऊन रस्त्यावर. एकदा ठाणाचं मोकळं टोक धारवाडच्या बसच्या दारात अडकलं. बस पार गावाबाहेर रायापुरात पोचली, तरी अण्णा इकडं दुसरं टोक धरून "जरा पिवळा मारतोय" म्हणत होते. पटत नसेल तर सोडून द्या.

"रंगाला शेजार लागतो!" हे त्यांचं दुसरं ब्रीद. एकच राखाडी चिंधी लाल कापडावर ठेवून हिरवट दाखवायचे, हिरव्यावर ठेवून गुलाबी. दुकानदार हात जोडायचा, "यप्पा, अण्णा, गिऱ्हाईक पळतंय की!"

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं मात्र नाव काढू देत नव्हते. डॉक्टर थकले. शेवटी बेंगळुरूहून त्यांच्या मुलीचा मला फोन, "काका, तुम्ही थापा मारा, पण अण्णांना तयार करा." म्हणून गेलो.

अण्णा अंगणात होते. दोरीवर त्यांच्या बायकोची, कमळाक्कांची, इरकल साडी. अक्का जाऊन दोन उन्हाळे झाले.

"लग्नापासूनचं भांडण हे," अण्णा म्हणाले. "मी निळी म्हणायचो, ती हिरवी. उन्हात नेली, सावलीत नेली, जास्वंदीशेजारी धरली. हटली नाही बाई."

त्यांनी जुना डोळा झाकला. "पट्टी निघाली, घरी येऊन बघतो तर निळीशार. जिंकलो! सांगायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो..."

मग नवा डोळा झाकला.

"ह्याला अजून हिरवी दिसते. मोतीबिंदूचा पिवळा धूर साठलाय ना आत. हाही साफ केला, तर तिच्या बाजूनं बोलणारं घरात कोण उरलं, सांग?"

घरून जुळवून आणलेल्या सगळ्या थापा बाजूला ठेवून मी साडीकडं बघितलं. भर दुपारचं ऊन. साडी निळी होती, आभाळानं तोंड लपवावं इतकी निळी.

"तुला कुठली दिसते?"

"हिरवी की हो, अण्णा. पोपटासारखी."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मग साडीची घडी घालता घालता तिलाच म्हणाले, "ऐकलंस? साक्षीदार मिळाला तुला."

आणि मला, "दर दिवाळीला येऊन असंच सांगायचं हं. लाव डॉक्टरला फोन."