त्रुटी काढणारे म्हात्रेभाऊ

माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका म्हात्रेभाऊंना दिली, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग लाल पेन काढलं. "नवऱ्या मुलाचं आडनाव वर एक, खाली एक. त्रुटी हाय," म्हणत पत्रिका मला परत दिली. दुरुस्त करून नेली, तेव्हा कुठे स्वारी लग्नाला आली.

म्हात्रेभाऊ रोह्यातल्या आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसतात. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवतो. त्यामुळे त्यांचं "त्रुटी हाय" दिवसभर माझ्या नद्या-डोंगरांत घुसत असतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, सगळे नियम त्यांना आरतीसारखे पाठ. एखादा पुढारी फोनवर "जरा बघून घ्या" म्हणाला, की "बघूनच परत पाठवलाय, साहेब," हे उत्तर ठरलेलं. मुलं त्यांना घाबरतात. खरं सांगायचं तर मीही घाबरतो.

गेल्या वर्षी कासूजवळच्या कातकरी वाडीवरची अश्विनी वाघमारे पहिल्या वर्षाला आली. शिष्यवृत्तीच्या अर्जात कायमचा पत्ता विचारला होता. तिचे आईबाप दिवाळीनंतर कर्नाटकात वीटभट्टीवर जातात, ते पाऊस तोंडावर आला की परततात. पोरीने हिशेब केला, वाडीवर पाच महिने, भट्टीवर सात. जास्त दिवस जिथे, तेच कायमचं घर. दिला भट्टीचा पत्ता ठोकून. शिष्यवृत्ती राज्यातल्या रहिवाशांनाच, त्यामुळे अर्ज अपात्र ठरला. शिष्यवृत्ती नाही म्हणजे फी नाही, आणि फी नाही म्हणजे दिवाळीनंतर अश्विनीही विटा थापायला. दुरुस्तीला चार दिवस उरले होते.

"पन खोटं कसा लिवू, सर?" वाडीचा पत्ता घाल म्हटल्यावर ती म्हणाली.

म्हात्रेभाऊ खेकसले, "खोटं लिवायला कोन सांगतंय? पोटासाठी भायेर गेलं म्हनून गाव सुटत नाय." आणि नियम काढून त्यांनी तिला दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्क रजा टाकली. मीही सोबत गेलो. कासूला उतरून वाडी गाठली, अश्विनीच्या बापाला घेतलं, ग्रामसेवकाला जेवणावरून उठवलं. रहिवासी दाखला मिळाला, पण त्यावर तारीख नव्हती. बिचारा ग्रामसेवक पुन्हा लिहायला बसला.

अर्ज पात्र ठरला. मग राहिला हॉस्टेलचा फॉर्म. आईबाप लांब असताना ज्याला बोलवायचं, त्या स्थानिक पालकाचा रकाना अश्विनीने कोरा ठेवला होता. रोह्यात तिचं कुणीच नव्हतं.

म्हात्रेभाऊंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मी चाललो असतो," ते हळूच म्हणाले. "पन मी एकटाच रातो. घरात मानूस नाय दुसरं. नियमात बसतंय का, बघाया पायजे."

त्यांना एखादा नियम माहीत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भाऊ एकटे राहतात हे ठाऊक होतं. ते त्यांच्या मनाला इतकं लागतं, हे मात्र कधी लक्षातच आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

अश्विनीने फॉर्म मागूनपुढून वाचला. "एकट्यानं चालत नाय असा कायच लिवलेला नाय, सर," ती म्हणाली आणि तिने त्यांचं नाव घातलं.

"आजारीबिजारी पडलीस तर कवापन बोलवा म्हनावं. तसं लिव."

"त्याला रकाना नाय, सर."

मग म्हात्रेभाऊंनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि समासात, चौकटीच्या बाहेर, आपल्या हाताने लिहिलं: केव्हाही बोलवा.