महाराजांची आयाळ आणि हलका एडिटर

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांची कचेरी होती. कचेरीत महाराजांच्या वडिलांच्या काळातला एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढे साळूबाई नावाची साळिंदरीण बसायची.

त्या जंगलाचा एक कायदा होता. वणवा लागला तरी लेखी आदेशाशिवाय कोणी पळायचं नाही. तो आदेश साळूबाईनं टाइप करायचा, छापायचा आणि वडाला चिकटवायचा.

पण टाइप करायचा एडिटर इतका जड, की सकाळी सुरू केला तर दुपारी उघडायचा. मागच्या उन्हाळ्यात तो उघडेपर्यंत खालच्या गवतातल्या सशांचे कान भाजले. यंदा साळूबाईची दोन पिल्लं त्याच खालच्या गवतात होती.

पुष्कळ शोधाशोध करून तिनं एक चिमुकला एडिटर आणला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू! नुसती अक्षरं, बाकी काही नाही.

महाराजांनी लगेच समिती नेमली. हलकं कशाला म्हणायचं ते ठरवायला अध्यक्ष कोण, तर हत्ती.

"उत्तम आहे हो, साळूबाई," हत्तीसाहेब म्हणाले. "फक्त वर महाराजांची आयाळ दिसत नाही."

"साहेब, आयाळ घातली तर जड होईल."

"एवढीशी आयाळ! तिला असं कितीसं वजन?"

मोराला बावन्न रंग हवे होते. पोपटाला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून हवी होती. सगळं आपलं एवढंसंच. साळूबाईनं काटे फुलवले, पण काटे काही इतिवृत्तात येत नाहीत. सगळं मंजूर झालं.

चैत्रात खालच्या गवतातून धूर निघाला. साळूबाईनं एडिटर सुरू केला. पडद्यावर आलं, "कृपया थांबा, आयाळ उघडत आहे."

ती कसली थांबते! बोंबलतच धावली, "पळा रे, पळा!"

पिल्लांना अजून वाचता येत नव्हतं. ती आईचं ऐकून तिच्यामागे नदीपार पळाली. शिकलेसवरलेले ससे मात्र वडाखाली रांगेत उभे राहिले.

"आदेश कुठाय, बाई?" ते विचारत होते.

कचेरी उंच खडकावर होती, म्हणून वाचली. संध्याकाळी एडिटर उघडला. आयाळ काय देखणी दिसत होती! हत्तीसाहेबांनी तिच्याखाली पहिलाच कागद टाइप करून घेतला: विनाआदेश पळाल्याबद्दल साळूबाईवर कारवाई का करू नये?

वाचायला ससा एकही उरला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, नियम मोडून जीव वाचवू नये. थोडं भाजलं तरी चालतं, आयाळ स्पष्ट दिसली पाहिजे.