शिवण आतल्या बाजूस असावी

गेल्या वर्षी बारांकिया शहरात घरी शिवलेल्या कार्निव्हलच्या पोशाखाला शासकीय संरक्षण देण्यात आले. तोपर्यंत त्याची प्रकृती उत्तम होती.

संरक्षण कशापासून, तर कारखान्याच्या मालापासून. बोटीतून खोकी उतरतात, खोक्यांत हजारो एकसारखी सोंगे असतात, आणि घरोघरी चार-चार महिने हौसेने शिवत बसणाऱ्यांची कला मरते, असे कुणीतरी भाषणात म्हणाले. भाषणाला टाळ्या पडल्या आणि टाळ्यांतून एक कार्यालय निघाले: गृहनिर्मित सोंगपोशाख संरक्षण कार्यालय. मंजूर पदे बारा, नियम एक, पोटनियम एकेचाळीस. नियम असा की शनिवारच्या मिरवणुकीत फक्त घरी शिवलेला पोशाखच चालेल, आणि तो घरी शिवला आहे असे कार्यालयाने म्हटले पाहिजे.

बारापैकी बारावे पद माझे. ते मला गुणवत्तेवर मिळाले. गुणवत्ता माझ्या मेव्हण्याची होती. पदनाम तृतीय शिक्का सहायक. प्रथम सहायकाने कागद सरळ धरायचा, द्वितीयाने शिक्का मारायचा आणि मी शाईची डबी उघडी धरायची. टाय सक्तीचा होता. वातानुकूलन यंत्र मंजूर झाले होते, पण अजून बसवले नव्हते, त्यामुळे दुपारपर्यंत आमचे टायसुद्धा घामाने निथळत.

माझ्या शेजारी नुरिस आल्ताओना राहते. वय एकाहत्तर. आमच्याकडे एवढ्या वयाच्या बाईला मानाने ‘निन्या’ म्हणजे ‘पोरी’ अशी हाक मारतात, आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. तिचा अर्धा जन्म टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत गेला आणि उरलेला शिवणयंत्रावर. पैशासाठी तिने कधी टाका घातला नाही. गल्लीतल्या पोरींचे पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे तिने शिवले, माझी लहानपणची सगळी सोंगे शिवली, आणि स्वतःसाठी एकतीस वर्षे दरसाल एक मारिमोंदा.

मारिमोंदा हे गरिबाचे सोंग. जुना कोट नि विजार उलटी करून घालायची, म्हणजे अस्तर बाहेर, शिवणी बाहेर. त्यावर चिंध्यांची ठिगळे. तोंडावर उशीच्या अभ्र्याचा मुखवटा, त्याला हत्तीचे कान आणि छातीपर्यंत लोंबणारे नाक. गळ्यात वीतभर रुंद टाय. हे सोंग कुणाचे आहे ते आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल: कचेरीत बसून काहीही न करणाऱ्या साहेबाचे.

यंदा नुरिस डॉक्टरकडे जाऊन आली होती. आमच्याकडे टाय लावणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, पण हा खरा होता, गुडघ्यांचा. तो म्हणाला, “निन्या नुरिस, हे गुडघे आणखी एक मिरवणूक देतील. त्यानंतर खुर्चीतून बघायचं.” तेव्हा तिने घरी येऊन कपाट उघडले आणि नवऱ्याचा लग्नातला कोट बाहेर काढला. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण त्या कोटाला तिने कधी कात्री लावली नव्हती. यंदा लावली. शेवटचा मारिमोंदा त्याच कोटाचा.

ऑक्टोबरपासून भिंतीपलीकडून यंत्राची खडखड ऐकू येत होती. जानेवारीत ती पोशाख हातावर घेऊन कार्यालयात आली. मी डबी उघडून तयार होतो.

आमचे प्रमुख डॉक्टर आरिसा यांनी कोट वर धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा वर धरला.

“बाई, हा उलटा आहे.”

“उलटाच असतो, डॉक्टर.”

“पोटनियम चार. शिवण आतल्या बाजूस असावी. तुमची सगळी बाहेर आलीय. कामात दोष आहे.”

“अहो, दोष कसला? मारिमोंदा आहे! तुमचा जन्म बारांकियाचाच ना?”

“माझ्या जन्माचा दाखला या प्रकरणी जोडलेला नाही,” डॉक्टर आरिसा गंभीरपणे म्हणाले. “तपासणीसाठी सुलटा करा.”

नुरिसने कोट सुलटा केला. आता डॉक्टरांच्या हातात काळा, सभ्य, लग्नातला कोट होता.

“हा तर कोट आहे.”

“मग मी काय म्हणतेय?”

“कोटाला सोंगाचं प्रमाणपत्र देता येत नाही. उलटा आणलात तर सदोष, सुलटा आणलात तर सोंग नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

नुरिसने काय करावे ते सांगितले. ते मी इथे लिहू शकत नाही, कारण हे वर्णन पुढेमागे फायलीला लागेल.

दुसऱ्या खेपेला ती पोटनियम अकरावर अडली: पोशाख हाताने शिवलेला हवा. तिने शिवणयंत्राचा फोटो आणला होता. डॉक्टर आरिसांनी यंत्राखाली बोट ठेवले.

“हे काय?”

“पायटा. पायानं चालवते.”

“म्हणजे पायाने शिवलं.”

“डॉक्टर, कापड काय पायानं सरकवते का मी?”

“शक्ती कुठून येते याला महत्त्व आहे,” ते म्हणाले आणि कागदावर ‘पादशिवण’ असा शेरा मारला. हा शब्द त्यांना सुचला याचा त्या दिवशी कार्यालयात आनंद साजरा झाला.

त्याच दुपारी बंदरावरचा एक व्यापारी आला. त्याच्याकडे चार हजार मारिमोंदा होते, प्लास्टिकच्या पिशव्यांत घडी घालून. शिवणी नियमाप्रमाणे आतल्या बाजूस होत्या. बाहेरून शिवणी दिसाव्यात म्हणून त्या कापडावर छापलेल्या होत्या. ठिगळेही छापलेली, ठिगळांचे टाकेसुद्धा. कारखान्यातली यंत्रे विजेवर चालत असल्यामुळे पायाचा प्रश्नच आला नाही. राहता राहिले ‘गृहनिर्मित’. व्यापाऱ्याने कारखान्याच्या मालकाचा घरचा पत्ता लिहून दिला. चार हजार पोशाख सात मिनिटांत प्रमाणित झाले, आणि माझी शाई संपत आली.

मिरवणुकीला चार दिवस उरले असताना नुरिस तिसऱ्यांदा आली. दुपारची वेळ, सगळे जेवायला गेले होते. शिक्का टेबलावर होता आणि डबी माझ्या हातात. तिने केळीच्या पानात बांधलेला मासेभात माझ्यापुढे ठेवला, जसा ती मी सहा वर्षांचा असल्यापासून ठेवते, आणि पोशाख त्याच्या शेजारी ठेवला.

“देइविस, इथे कुणी नाही.”

“नाही, निन्या नुरिस.”

“शिक्का आहे, शाई आहे. मार की रे.”

“अहो, शिक्का द्वितीय सहायकाचा आहे. माझा अधिकार फक्त शाईपुरता.”

 ती खुर्चीचा हात धरून हळूहळू उठली, कारण गुडघ्यांना एका झटक्यात उठणे जमत नव्हते.

“तू सात वर्षांचा होतास तेव्हा नाक लांब पाहिजे म्हणून रडला होतास,” ती म्हणाली. “मी रात्रीत दुप्पट करून दिलं. तेव्हा मी विचारलं नव्हतं माझा अधिकार कितीपुरता.”

मला लाज वाटली, खोटे कशाला सांगू. भात मात्र मी खाल्ला, कारण तो गार झाला असता.

शनिवारी मिरवणुकीच्या उद्घाटनाला कार्यालयाच्या बाराही जणांनी अग्रभागी चालायचे ठरले होते. त्यासाठी एकसारखे कोट मागवले होते, अर्थातच प्रमाणित पुरवठादाराकडून. खोके सकाळी उघडले, तेव्हा कळले की व्यापाऱ्याने सगळा माल एकाच कापडात काढला आहे. आमच्या बारा कोटांवर अस्तर छापलेले होते, शिवणी छापलेल्या होत्या, आणि कोपरांवर झकास ठिगळे.

“डॉक्टर,” प्रथम सहायक चाचरत म्हणाला, “हे आपण... लोक काय म्हणतील?”

डॉक्टर आरिसांनी कोट उलगडून आत पाहिले. “शिवण आतल्या बाजूस आहे,” ते म्हणाले. “नियमाप्रमाणे आहे. घाला.”

आम्ही घातले. वर टाय होतेच.

अडथळ्यापाशी पोलिसाला स्पष्ट सूचना होती: कोट आणि टाय दिसला की कागद न मागता, सलाम ठोकून सोडायचे. तोंडाबद्दल कुणी काही सांगितले नव्हते. आम्ही रांगेने आत गेलो. पोलीस प्रत्येकाला “या, डॉक्टर” म्हणत होता. मी बारावा. आत गेल्यावर माझ्या मागे पुन्हा ऐकू आले, “या, डॉक्टर.”

मी वळून पाहिले. तेरावे डॉक्टर जरा लंगडत येत होते. कोट काळा, उलटा, टाय वीतभर रुंद, कान हत्तीचे, नाक छातीपर्यंत. एकतीस वर्षांत शहराने इतका देखणा मारिमोंदा पाहिला नसेल.

लोकांनी आम्हाला पाहिले आणि रस्ता पेटला. शिट्ट्या, पिपाण्या, मक्याच्या पिठाची उधळण. “साहेबांचा मारिमोंदा! अरे, चाल बघा, चाल! हुबेहूब!” डॉक्टर आरिसा दोन्ही हात हलवत होते. त्यांना तो मान वाटला, आणि बाकीचे अकरा त्यांच्यामागे तसेच हात हलवत होते. नुरिस आमच्या रांगेत शेवटपर्यंत चालली, मध्ये नाचलीसुद्धा. शेवटच्या वळणावर ती माझ्याजवळ आली, कानाशी पिपाणी वाजवली आणि माझे नाक धरून ओढले.

“मुखवटा फक्कड बसलाय,” आतून आवाज आला. “कुणी शिवला?”

“मी मुखवटा घातला नाहीये, निन्या नुरिस.”

“हो का?” तिने आणखी एकदा ओढून पाहिले. “म्हणजे घरीच तयार झालाय. याला प्रमाणपत्र द्या रे कुणीतरी!”

परीक्षकांनी उत्कृष्ट गृहनिर्मित मारिमोंदाचे पहिले पारितोषिक आमच्या कार्यालयाला दिले. तो चषक आता डॉक्टर आरिसांच्या कपाटावर आहे. नुरिस खुर्चीत बसते. तो काळा कोट भिंतीवर टांगला आहे, अजून उलटा.

सोमवारी मात्र एक अडचण निघाली. मंजूर पदे बारा, आणि पोलिसाच्या नोंदीप्रमाणे आत गेलेले डॉक्टर तेरा. नोंद खोटी असणे शक्य नव्हते, म्हणून पदसंख्या चुकली असे ठरले. तेरावे पद मागील तारखेपासून मंजूर झाले आणि त्यावर डॉक्टर आरिसांच्या भाच्याची नेमणूक झाली. त्यामुळे आम्ही सगळे एकेक पायरी वर सरकलो. मी आता द्वितीय शिक्का सहायक आहे. शिक्का माझ्याकडे आला.

पुढच्या मिरवणुकीचे अर्ज सुरू झाले आहेत. येताना आपली शिवण कुठल्या बाजूला आहे ते घरीच पाहून या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. तुमची अडचण मला कळते, अगदी मनापासून कळते, पण माझा अधिकार फक्त शिक्क्यापुरता आहे. शाई आता भाच्याकडे असते. आणि हसू नका. तुम्ही ज्या टेबलाशी बसून हे वाचत आहात, तिथेही शिक्का किंवा शाई, या दोहोंपैकी एक वस्तू असेलच, आणि काल तुमच्यासमोर कुणीतरी उभे होते.