माझं बिनमागणीचं उपोषण

देवरामने मला लंघनाचा सल्ला दिला तेव्हा आम्ही दोघं ऑफिसजवळच्या हॉटेलात मिसळ खात होतो. माझ्या छातीत जळजळ सुरू झाली होती (ती रोजच व्हायची, पण मिसळीवर मी कधी संशय घेतला नाही), आणि मी ग्लासामागून ग्लास पाणी ओतून ती विझवत होतो. देवराम ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला निसर्गोपचाराचा नाद आहे. म्हणजे पुस्तकं तो वाचतो आणि उपचार दुसऱ्यावर करतो.

"सावळीराम, पाच दिवस पोटाला सुट्टी दे," तो म्हणाला. "नुसतं लिंबूपाणी. अरे, मशीनलासुद्धा ओव्हरहॉलिंग लागतं."

"पाच दिवस? मरेन ना मी!"

"कोणी मरत नाही. फक्त श्रम करायचे नाहीत. रजा टाकायची आणि घरी पडून राहायचं."

लंघनापेक्षा हे पडून राहणं मला जास्त पटलं. मी त्याच दुपारी सोमवार ते शुक्रवार रजेचा अर्ज खरडला आणि खाली 'सावळीराम आहेर' अशी झोकदार सही ठोकली. कारणाच्या रकान्यात 'प्रकृती' लिहिलं असतं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडावं लागलं असतं, म्हणून 'वैयक्तिक' असं लिहिलं. या एका शब्दाने पुढे माझा घात केला.

घरी आल्यावर बायकोला, म्हणजे लताला, सांगितलं. तिने काळजी करावी, निदान एकदा तरी 'झेपेल का हो तुम्हाला?' असं विचारावं, अशी माझी अपेक्षा होती.

"बरं, मग चार भाकरी कमी टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी लिंबूपाणी घेऊन मी घरापुढच्या ओट्यावरच्या खाटेवर आडवा झालो. अकरा वाजेपर्यंत फार छान वाटलं. अकरानंतर मात्र वेळ पुढे सरकेना. ऑफिसातही मी अकरा ते पाच फारसं काही करतो असं नाही, पण तिथे ते चारचौघांच्या सोबतीने होतं. घरी एकट्याने काही न करणं फार जड जातं. त्यात बाराच्या सुमाराला शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला. तो टाळायला मी आत गेलो, तर आत आमच्याच घरात पिठलं शिजत होतं.

मन रमवायला मी लताच्या कामात लक्ष घातलं.

"अगं, तू आधी कणीक मळतेस आणि मग भाजी चिरतेस. भाजी आधी चिरून फोडणीला टाकली, तर ती शिजेपर्यंत कणीक मळून होईल. तुझी दहा मिनिटं वाचतील."

"वाचलेल्या दहा मिनिटांत काय करू?"

मी वेळापत्रक सांगायला तोंड उघडलं. पण तिने विळी ज्या पद्धतीने माझ्याकडे वळवली, ती पाहून मी पुन्हा ओट्यावर गेलो.

मंगळवारी मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना हात घातला. चोवीस डबे, आणि एकावरही काही लिहिलेलं नाही! आमच्या ऑफिसात अशी फाइल कोणी ठेवली असती तर मेमो मिळाला असता. लता नळावर गेली होती तेवढ्यात मी सगळे डबे खाली काढले, घासून पुसले, माल एकसारख्या डब्यांत ओतला, अक्षरांच्या क्रमाने लावले आणि प्रत्येकावर खळीने चिठ्ठी चिकटवली. अडचण एकाच ठिकाणी आली. दोन डब्यांत पांढरी बारीक पूड होती. एक मीठ असणार आणि एक पिठीसाखर. चाखून पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं, पण चाखणार कसा? लंघन मोडलं असतं. मी बराच विचार करून चिठ्ठ्या लावल्या. विचार चुकीचा निघाला.

हे उघड झालं ते दुपारी. शेजारच्या कुसाबाई रोज दुपारी गहू निवडायला आमच्याकडे येत आणि दोघी मिळून अर्धा कप चहा घेत. घरातली साखर संपली होती म्हणून लताने पिठीसाखर वापरली. कुसाबाई निफाडकडच्या, मोकळ्या आवाजाच्या. पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वो ताई, हे काय हाय? लय खारट!"

लताने डब्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे.

"तुमच्या घरात काय बिनसलंय का?" कुसाबाईंनी विचारलं.

"काही विचारू नका," लता दातओठ खात म्हणाली. "ऑफिसला जात नाहीत, जेवत नाहीत. नुसते बसून आहेत!"

त्या तीन वाक्यांत एक अक्षर खोटं नव्हतं. पण कुसाबाईंचे यजमान मल्हारी हे आमच्याच ऑफिसात साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. आणि मल्हारींना एक गोष्ट ठाऊक होती, जी मला ठाऊक नव्हती. सोमवारीच बदल्यांची यादी निघाली होती, आणि तीत माझी बदली सुरगाण्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार टोकाला, झाली होती. त्यात माझ्या अर्जात आजाराचं नाव नव्हतं, कारण होतं 'वैयक्तिक'.

बुधवारी दुपारी मी शाल पांघरून खाटेवर पडलो होतो. डोळ्यांपुढे काजवे, पोटात कावळे. एवढ्यात आमच्या युनियनचे सेक्रेटरी गोरक्षभाऊ आले. आल्या आल्या त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आहेर, माघार घ्यायची नाही!"

हा माणूस माझ्या ॲसिडिटीसाठी इतका हळवा होईल असं मला वाटलं नव्हतं. "नाही घेणार," मी म्हणालो.

"फक्त पाणी?"

"लिंबू पिळून."

"चालतं. किती दिवस काढायची तयारी आहे?"

"शुक्रवारपर्यंत. त्यापुढे नाही."

गोरक्षभाऊ उठून उभेच राहिले. "शुक्रवार? म्हणजे सरळ मुदतच दिलीत! आणि आम्ही तुम्हाला गरीब गाय समजत होतो."

"त्यापुढे शरीर साथ देणार नाही हो."

"तशी वेळच येऊ देणार नाही आम्ही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. जाताना खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. मी लताला म्हणालो, "बघ, बाहेरच्या लोकांना किती जीव आहे माझ्यावर." ती पिठीसाखर आणि मीठ परत जागच्या जागी करत होती.

गुरुवारी मात्र माझी कसोटी लागली. सकाळी लताने थालीपिठं लावली. भाजणीची, कांदा घातलेली, मधे भोक पाडून तेल सोडलेली. पोरं खाऊन शाळेत गेली. दोन थालीपिठं ताटाखाली झाकून लता रॉकेलच्या रांगेत उभी राहायला निघाली. जाताना म्हणाली, "कशालाही हात लावू नका." तिचा रोख डब्यांवर होता हे मला कळत होतं.

मी पंधरा मिनिटं धीर धरला. मग फक्त वास घ्यावा म्हणून ताट उचललं. वासाने भागेना म्हणून कडेचा एक तुकडा मोडला. मग म्हटलं, मोडलेलं थालीपीठ तसंच ठेवलं तर लताला कळेल, तेव्हा ते संपवलेलंच बरं. आणि जोडीतलं एकच उरलं तर तेही संशयास्पद. शिंक्यावरचं लोणी काढलं आणि ताट घेऊन ओट्यावर खाटेवर बसलो. (आत बसलो असतो तर आज ही कथा वेगळी झाली असती.)

दुसरं थालीपीठ अर्ध्यावर आलं असताना दारात जीप थांबली.

स्टीअरिंगवर मल्हारी. मागून गोरक्षभाऊ, देवराम आणि आणखी चार कारकून उतरले. एकाच्या हातात झेंडूचा हार होता. आणि पुढच्या सीटवरून खुद्द साहेब उतरले. त्यांच्या हातात रुमालाने झाकलेला स्टीलचा ग्लास होता.

साहेबांनी चष्मा घरी ठेवला होता की घाबरून त्यांचं ताटाकडे लक्ष नव्हतं, कोण जाणे. ते सरळ बोलायलाच लागले.

"हे पहा आहेर, तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोहोचल्या. सुरगाण्याच्या ऑर्डरचा फेरविचार करता येईल. मी आज वर बोलतो. पण हे उपोषण सोडा. हा मोसंबीचा रस घ्या."

माझ्या तोंडात घास होता. साहेबांच्या मागून गोरक्षभाऊ हातवारे करून 'ताट! ताट!' असं सुचवत होते. त्याच वेळी रॉकेलचा डबा घेऊन लता फाटकाशी पोहोचली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिला सगळं समजलंही होतं. तिने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात एकदा तरी मी तिचं ऐकायला हवं होतं, ती हीच वेळ.

मी घास गिळला आणि म्हणालो, "साहेब, कसली ऑर्डर? आणि उपोषण नाही हो हे, लंघन आहे. ॲसिडिटीसाठी."

"लंघन?"

"हो. पोट हलकं व्हावं म्हणून. देवरामला विचारा."

देवराम कारकुनांच्या मागे गेला. अंगाशी येईल म्हणून त्याने ऑफिसात लंघनाचा शब्दही काढलेला नव्हता.

साहेबांनी आता खाली वाकून नीट पाहिलं. "आणि हे काय आहे?"

"थालीपीठ," मी म्हणालो. (वरिष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं, ही माझी सोळा वर्षांची सवय.)

साहेब सरळ उभे राहिले. रुमाल बाजूला केला, मोसंबीचा रस एका दमात स्वतः पिऊन टाकला आणि रिकामा ग्लास मल्हारींच्या हातात दिला. जाता जाता एवढंच म्हणाले, "आहेर, सोमवारी तुम्ही सुरगाण्याला हजर व्हा." गोरक्षभाऊंनी हार परत घेतला. दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येईल म्हणाले.

त्या दुपारी लताने माझ्या चिठ्ठ्या सगळ्या डब्यांवरून खरवडून काढल्या. शुक्रवारी मी लंघन सोडून दिलं होतं, पण मला वाढलं कोणी नाही, त्यामुळे ते आपोआप पुरं झालं.

रविवारी ती माझी बॅग भरायला बसली. घोंगडी, कंदील, लोणच्याची बरणी, सगळं एकावर एक रचत होती. मुलांच्या शाळेमुळे तिला आणि मुलांना नाशिकलाच राहावं लागणार होतं. सोळा वर्षांच्या संसारात आम्ही असे वेगळे कधी राहिलो नव्हतो. मला भरून आलं. मी तिच्याजवळ बसलो.

"लता, मन घट्ट कर," मी म्हणालो. "अगदीच काही लांब नाही. जीपगाड्या चालतात. कितीही हाल झाले तरी मी दर शनिवारी येईन आणि सोमवारी पहाटे निघेन."

तिचे हात थांबले. चेहरा एकदम उतरला.

"दर शनिवारी?" ती म्हणाली. "आणि ऑफिसचं काम मग कधी करणार?"