तायडे डॉक्टर आणि पिवळी बत्ती

तायडे डॉक्टर रोज सकाळी अंगणात यायचे, कानाला स्टेथोस्कोप लावायचे आणि आपल्या जुन्या गाडीचं बॉनेट तपासायचे. तिखटमीठ लावून सांगत नाही. अकोल्यात आमचं घर त्यांच्या बरोबर समोर, त्यामुळे शाळेला निघायच्या घाईत मला हे दृश्य पाहावंच लागे. इंजिन सुरू, डॉक्टर वाकलेले, डोळे मिटलेले. मी माझ्या स्कूटरला किक मारायला गेले, की त्यांचा एक हात वर.

"मॅडम, थांबजा जराशा. पोट ऐकून राहिलो."

डॉक्टर गुरांचे. सगळी नोकरी मूर्तिजापूरच्या बाजूच्या खेड्यांत गेली. निवृत्त होताना त्यांनी गल्लीत जाहीर केलं होतं, "आता जनावराचं नाव काढू नका. शेणाचा वास पुरे झाला." पण हात रिकामे राहिनात, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यावर तर घरही रिकामं झालं. नेमकी तेव्हाच गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राची पिवळी बत्ती लागली. डॉक्टरांना पेशंट मिळाला.

गाडी तशी बरी चालायची. बत्ती तेवढी विझायची नाही. डॉक्टरांनी आधी अपचन ठरवलं आणि पेट्रोल भरायचा पंप बदलला. मग अशक्तपणा ठरवून बॅटरी नवी टाकली. मग सायलेन्सरला हात लावून म्हणाले, अंगात कणकण आहे, आणि दोन दिवस तिला बाहेर काढलीच नाही. मला विचारायचे, "काल संध्याकाळी आणली तवा खोकली का हे? तुमी गॅलरीत होत्या." मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, त्यांच्या गाडीच्या खोकल्यावर पाळत ठेवत नव्हते, असं सांगितलं तर ते दुखावत. म्हणून मी म्हणायची, "थोडीशी खोकली."

गॅरेजवाले युनूसभाई या प्रकरणाला पार कंटाळले होते. ते आपलं मशीन जोडत, वायरचा दोष काढत, तुटलेली वायर सांधत. बत्ती विझे. डॉक्टर पेढे वाटत. आठवडा सरला की बत्ती पुन्हा हजर. शेवटी युनूसभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, बत्ती पे काला टेप चिपका देता हूँ. ना दिखेगी, ना टेन्शन."

डॉक्टर असे भडकले की बस. "टेप? लक्षण दाबाचं? चाळीस वर्षं मी हेच सांगत आलो लोकायले, लक्षण दाबू नका! जनावर बोलत नाही म्हणून त्याच्या तोंडाले पट्टी लावता काय?"

गॅरेजला नेण्याआधी ते गाडी धुवायचे, बॉनेट उघडून आतला कानाकोपरा फडक्यानं पुसायचे. दवाखान्यात जनावर स्वच्छ करून न्यावं, ही त्यांची जुनी शिस्त. पेशंटला अशी आंघोळ घातल्यावर युनूसभाईंना आत चकचकीत इंजिन आणि तुटकी वायर यापलीकडे काही दिसणार कसं? ते म्हणायचे, "पुरानी गाडी है, वायर भी पुराना."

दर गुरुवारी डॉक्टर गाडी घेऊन मूर्तिजापूरकडे जायचे. "ठाणावर बांधून दुखणं कळत नाही. चालवून पाहा लागते," असं त्यांचं म्हणणं. पहाटे निघत, दुपारी परतत, आणि त्या दिवशी चेहरा जरा बरा दिसे. मला वाटायचं, माणूस एका बत्तीपायी पुरता खुळावला.

मुलगा अविनाश पुण्याला असतो. पोरगा चांगला आहे, पण काळजी केली की आवाज चढतो. त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, हायवेवर बंद पडली तर काय करणार तुम्ही या वयात? मी येतोय. तोवर बत्ती विझली तर राहा अकोल्यात. नाही तर गाडी विकू आणि तुम्ही चला माझ्याकडे." डॉक्टरांनी हे आव्हान घेतलं खरं, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. पुण्याला जायच्या कल्पनेनंच ते घाबरले होते. मला म्हणाले, "तिथं आठव्या मजल्यावर मी कोणाले तपासू, मॅडम?"

अविनाश यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. बॉनेट उघडं होतं, हातात फडकं. आंघोळीची तयारी चालली होती. मी म्हटलं, आज पुसायच्या आधी मला बघू द्या. बॅटरीच्या मागे काळे दाणे पडलेले होते.

"थे निंबावरून पडते," डॉक्टर म्हणाले. गाडी कडुनिंबाखाली उभी असायची.

आता मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या स्वयंपाकघरात उंदरांशी माझं वर्षानुवर्षं युद्ध चालू आहे. लेंडी मला ओळखू येते. "डॉक्टर, तुमच्या गाडीत उंदीर आहेत. वायर तेच कुरतडतात."

"उंदीर? अन् त्यायले खायाले काय भेटते इथं?"

लेंड्यांशेजारीच ढेपेचे तुकडे होते. सरकीची ढेप, गुरांना घालतात ती. मी सरळ मागे जाऊन डिक्की उघडली. आत पोतं, त्याला खालून भोक.

"हे काय?"

डॉक्टर आभाळाकडे पाहत म्हणाले, "गाडीच्या मागं जरा वजन पाहिजे असते."

"वजनाला दगड चालला असता."

मग ते ओट्यावर बसले आणि हळूहळू बोलले. त्या साली आमच्याकडे पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. कडबा मिळत नव्हता. बाजारात बैल येत होते ते विकायलाच, घ्यायला कोणी नाही. मूर्तिजापूरच्या पलीकडे एका खेड्यात वच्छलाबाई नावाची बाई होती. तिच्याकडे गावातली शेवटची जोडी उरली होती. त्यातला एक बैल पायाकडून जन्मला, तो डॉक्टरांनीच रात्रभर खपून बाहेर काढला होता. तिनं तो विकायला काढल्याचं कळलं आणि यांना राहवलं नाही.

"फुकट देतो म्हटलं असतं तं तिनं पोतं बाहेर फेकलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं, नव्या जातीची ढेप आहे, तपासून पाहून राहिलो. दर गुरुवारी बैलं तपासतो, जीभ पाहतो, शेण पाहतो. गल्लीतल्यायनं पाहू नये म्हणून बुधवारी पहाटेच अंधारात भरून ठेवतो. अविनाशले सांगू नका. मी शब्द देला होता, आता जनावराच्या मागं फिरणार नाही म्हणून."

दुसरा दिवस गुरुवारच होता. अविनाश सकाळीच उतरला, पिवळी बत्ती पाहिली आणि म्हणाला, "चला, चालवूनच बघू." मलाही त्यांनी साक्षीदार म्हणून बसवलं. स्टिअरिंग डॉक्टरांकडे. मूर्तिजापूर आलं, गेलं. डॉक्टरांनी परतायला हवं होतं, पण पुढे डिक्कीतल्या पोत्याची वाट बघणारे बैल असताना त्यांना ते जमलं नाही.

वच्छलाबाईंच्या दारात गाडी थांबली, तशी गोठ्यातल्या बैलानं मान वळवली. "डॉक्टर आले!" बाई घरातून ओरडल्या. आमच्या गल्लीत त्यांना इतक्या आनंदानं कोणी हाक मारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी मुलाकडे न पाहता पोतं उचललं, कमरेत वाकले, गोठ्यात शिरले आणि गंभीरपणे बैलाची जीभ पाहू लागले.

अविनाश गोंधळून दारातच उभा. वच्छलाबाईंनी आम्हाला पाणी दिलं.

"कशी आहे ही नवी ढेप?" मी विचारलं.

बाई पदराआड हसल्या. "कायची नवी, बाई? मूर्तिजापूरच्या बाजारातली ढेप आहे. जल्मभर बैलं पोसले, मले वास ओळखू येत नाही काय?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू गेल्या तवापासून लय एकटे पडले थे. आधी माह्या मनात होतं, नाई म्हणावं. मंग वाटलं, त्यायले इकडं याले काही निमित्त पाहिजे न. गुरुवारी येते, चहा पेते, दोन गोष्टी बोलते. माहा पोरगा बी पुण्यालेच आहे बांधकामावर. म्हणते, बैलं विक अन् इकडं ये. तिथं मले कोण ओळखते, बाप्पा?"

अविनाशनं हे सगळं ऐकलं. पाण्याचा गडू कितीतरी वेळ त्याच्या हातात तसाच होता. मला त्याचा राग यायचा तो त्या क्षणी गेला, कारण त्याच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती, आपण काय तोडायला निघालो होतो याची.

परतताना गाडी त्यानं चालवली. उंदरांचं आणि बुधवारी भरून ठेवायच्या पोत्याचं मी त्याला निघतानाच सांगून टाकलं होतं. बत्ती समोर पिवळीधमक. डॉक्टर शेजारी बसून निकालाची वाट पाहत होते. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा अविनाश म्हणाला, "बाबा, ढेप बुधवारी डिक्कीत भरून ठेवू नका. मी टपावर कॅरिअर बसवून देतो. गुरुवारी सकाळी वर बांधत जा."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. तरी शंका काढायची सवय जाते थोडीच.

"टपावर पावसानं भिजली तं?"

"पाऊस आला तर ढेप लागणारच नाही, बाबा. तेव्हा नुसता चहा प्यायला जा."