लेंडीव्हायरस

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे दत्ता खरातसर लेंटिव्हायरसला लेंडीव्हायरस म्हणत. बाकीची अवघड नावं त्यांच्या जिभेवर नीट बसलेली होती. या एकाच नावापाशी जीभ वळायची आणि मेंढ्यांच्या कळपात जायची. कोणी चूक दाखवली तर ते मान डोलवत, "बिलकुल बराबर," म्हणत, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा लेंडी.

मी तिथला ग्रंथपाल. गावातल्या मस्तगड भागात आम्ही एकाच गल्लीत राहायचो आणि कॉलेजला सोबत चालत जायचो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच विषाणूवर काम करून ते पीएचडी झाले होते. नोकरी लागल्यावरही सुट्ट्या तिथेच काढत. मी कादंबऱ्या वाचणारा माणूस, तरी मला हे कळावं अशी त्यांची फार इच्छा.

"ग्रंथपालसाहेब, हा विषाणू म्हंजे घरजावई. पेशीच्या मूळ कारभारातच जाऊन बसतो, मंग निघायचं नाव न्हाई. पेशीची पोरं झाली तरी हा हायेच. आपण आधी त्याची रोग करायची खोड काढायची. मंग त्याच्यासंगं आपल्याला पाहिजे ते जीन धाडायचं, साखर जिरवणारं. लिव्हरची पेशी मंग ते काम ज्यादा करती."

"ज्यादा म्हणजे किती?"

"जावई घरात आल्यावर सासूचं तूप जितकं ज्यादा सुटतं, तितकं."

ही उपमा वर्गातही गेली. आमचे तेव्हाचे प्राचार्य सासऱ्यांच्या घरी राहत. सरांना बोलावणं आलं. परत येऊन ते शांतपणे म्हणाले, "साहेब म्हणले, उदाहरण बदला. मी म्हणलं, बिलकुल बराबर." दुसऱ्या दिवशी घरजावई वर्गात हजर.

टपरीवर ते दोन चहा घेत, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. दुसरा नसेल तर पहिल्यात साखरेनं काय केलं हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. टपरीवाला लांबून बघूनच ओरडायचा, "सरांना एक चहा, एक कंट्रोल."

एका रविवारी ते मला टेंभुर्णीला घरी घेऊन गेले. त्यांची आई ओसरीवर पाय लांब करून बसली होती. एका पायाला घोट्यापर्यंत पट्टी. शुगरमुळे जखम भरत नव्हती. तिचा जन्म मेंढ्यांमागे गेलेला.

"सर, माझं लेकरू लेंडीवर डाक्टर झालं," तिनं मला सांगितलं. "लोकं हसत्यात. हसू द्या. लेंडी वावरात पडली की लगेच दिसत न्हाई. सावकाश मुरती आन मंग सालोसाल काम करून राह्यती."

सर माझ्याकडे वळले. "बघा. लॅटिनमदी लेंटी म्हंजे सावकाशच. आन मुरतो बी तसाच."

"मंग दत्ता, माझ्या साखरेवर कवा टाकतो तुझी लेंडी?"

"माय, आता उंदरावर टाकून राह्यलो. माणसापस्तोर यायला टाइम हाय."

"उंदराला बी शुगर होती?"

"आपण करतो. चरबी चारून."

"वा रं डाक्टर. चांगल्या उंदराला बिमार करतो, आन माय हितं आयती बसलेली." ती हसू लागली. "मलाच उंदीर समज की."

सरही हसले. मग पाण्याचा तांब्या आणतो म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तांब्या तिच्या शेजारीच होता.

त्या उन्हाळ्यात पुण्याहून ते अगदी भरभर चालत टपरीवर आले. "उंदरांची साखर उतरली," म्हणाले, आणि कंट्रोल तसाच ठेवून टेंभुर्णीच्या गाडीत बसले. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उंदरं खुश आसतील." पेरण्या व्हायच्या आत ती गेली.

पुढे कधीतरी बाहेरगावच्या एका पाहुण्या शास्त्रज्ञांनी भर सभेत त्यांचा उच्चार सुधारला. सर नेहमीप्रमाणे मान डोलवून मोकळे झाले. घरी येताना मी विचारलं, "सर, तुम्हाला खरं नाव येतं. मग असं का?"

ते थोडं चालले. "मायनं गावभर हेच नाव सांगितल्तं. मी लेंटी म्हणलो की ती खोटी पडती."

सर गेले त्याला आता महिना होईल. कॉलेजात शोकसभा झाली. नवे प्राचार्य त्यांच्या संशोधनाबद्दल चांगलं बोलले, प्रत्येक नाव बिनचूक. मला ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत असं वाटत राहिलं. मग माझी पाळी आली. मला सभेत बोलायची सवय नाही. मी म्हणालो, खरातसरांनी आयुष्यभर लेंडीव्हायरसवर काम केलं. मागची पोरं हसली. प्राचार्यांनी पुढे वाकून हळूच शब्द सुधारला.

"बिलकुल बराबर," मी म्हणालो, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा लेंडीच म्हणालो.